आक्रमणाची सर्वोत्तम चाल कशी निवडावी: बुद्धिबळाच्या पटावर विचार करण्याची एक पद्धत

डावाच्या मध्यात समोरच्या राजाभोवतीची प्यादी विस्कळीत झालेली दिसतात, आपले दोन-तीन मोहरे त्या दिशेने वळलेले असतात आणि एकाच वेळी चार-पाच चाली मोहात पाडू लागतात. एक शह दिसतो, एक बलिदान दिसते, एखादे प्यादे पुढे ढकलावेसे वाटते. बहुतेक खेळाडू अशा वेळी जी चाल आधी सुचली तीच तपासत बसतात, ती जमेल असे स्वतःला पटवून देतात आणि खेळून मोकळे होतात. आक्रमण फसते ते बहुधा इथेच. आक्रमणाच्या चाली शोधताना आपल्या बाजूने पाहावे लागते, पण त्यांतली एक निवडताना पट बचाव करणाऱ्याच्या बाजूने पाहावा लागतो. ही दुसरी सवय कशी लावून घ्यावी, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे.

घरांची नावे नेहमीच्या पद्धतीने दिली आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए ते एच या उभ्या पट्ट्या आणि पांढऱ्याच्या बाजूने मोजत गेलेल्या १ ते ८ या आडव्या रांगा धराव्यात. × म्हणजे मोहरा मारणे आणि + म्हणजे शह. मोहऱ्याचे नाव दिले नसेल तर ती चाल प्याद्याची, आणि क्रमांकानंतर तीन टिंबे असतील तर ती चाल काळ्याची. उदाहरणे पट मांडून, मोहरे हलवून पाहिली तरच त्यांचा उपयोग होईल.

पहिली पायरी: आक्रमणाला आधार आहे का?

पहिला अधिकृत विश्वविजेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याने १८८६ मध्ये तो किताब मिळवला. आक्रमणाचा हक्क पटावरच्या फायद्यातून निर्माण होतो, हा त्याचा आग्रह आजही प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. त्याच्या विचाराचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे असा फायदा आहे त्याने आक्रमण केलेच पाहिजे, कारण मोहरे आधी बाहेर काढल्यामुळे मिळालेली आघाडी टिकाऊ नसते आणि समोरच्याला चार निवांत चाली मिळाल्या की ती संपते.

म्हणून चाल शोधण्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. समोरच्या राजाच्या आसपास आपले किती मोहरे पोहोचू शकतात आणि त्याचे किती मोहरे मदतीला येऊ शकतात, हे मोजावे. वजिराला निदान दोन मोहऱ्यांची साथ हवी, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. एकटा वजीर आणि एखादा घोडा शह देत फिरतात, पण मात होत नाही. तिथला संपूर्ण हिशेब महत्त्वाचा असतो. समोरच्याचे दोन हत्ती आणि एक उंट वजिराच्या बाजूला अडकून पडले असतील, तर एकूण मोहरे समान असूनही राजाच्या बाजूला आपण वरचढ असतो, आणि अशा वेळी एखादा मोहरा देऊन टाकणेही परवडते.

यानंतर पटाचा मध्य पाहावा. मध्य मोकळा असेल आणि तिथे समोरच्याचा वरचष्मा असेल, तर बाजूने केलेला हल्ला बहुधा मध्यातल्या प्रतिहल्ल्याने मोडून पडतो. मध्य प्याद्यांनी बंद असेल किंवा आपल्या ताब्यात असेल, तर बाजूला हात घालायला हरकत नाही. दोन्ही राजांनी विरुद्ध बाजूंना कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेला नेणे) केले असेल, तर आपल्या राजासमोरची प्यादी न उघडता दुसऱ्या बाजूची प्यादी पुढे ढकलता येतात. मात्र तिथे प्रश्न शर्यतीचा असतो आणि एकेका चालीला किंमत येते.

आधार सापडला नाही, तर त्या क्षणी सर्वोत्तम चाल म्हणजे आपला सर्वांत निष्क्रिय मोहरा कामाला लावणारी चाल, एवढे लक्षात ठेवून पुढची चाल खेळावी.

दुसरी पायरी: लक्ष्य आणि राखणदार ठरवणे

‘राजावर हल्ला’ हे लक्ष्य फार मोघम आहे. हल्ला एखाद्या घरावर करायचा असतो. कॅसलिंग न झालेल्या काळ्या राजाजवळ एफ७ हे घर नाजूक असते, कारण त्याची राखण फक्त राजा करतो. लहान बाजूला, म्हणजे राजाच्या बाजूला, कॅसलिंग झाल्यावर तीच अवस्था एच७ ची होते. काळ्याने जी७ वरचे प्यादे जी६ वर नेले असेल तर एफ६ आणि एच६ ही घरे पोकळ होतात, आणि जी७ वरचा उंट पटावर असेपर्यंतच ती पोकळी झाकलेली राहते.

लक्ष्य ठरले की त्याचा मुख्य राखणदार कोण, हा प्रश्न विचारावा. एफ६ वरचा घोडा एच७ सांभाळतो, जी७ वरचा उंट काळी घरे सांभाळतो. कित्येकदा सर्वोत्तम आक्रमक चाल थेट राजाकडे जातच नाही. ती त्या एका राखणदाराला हटवते, बदलून घेते किंवा जखडून ठेवते. ई५ वर प्यादे ढकलून एफ६ वरचा घोडा पळवणे, ई३ वरचा उंट एच६ वर नेऊन जी७ वरच्या उंटाशी अदलाबदल करणे, जी५ वर उंट ठेवून एफ६ चा घोडा मागच्या वजिराला बांधून टाकणे, या अशाच चाली आहेत. राखणदार जागेवर असताना केलेले बलिदान आणि तो गेल्यावर केलेले तेच बलिदान यांत बहुधा हरणे आणि जिंकणे एवढे अंतर असते.

तिसरी पायरी: उमेदवार चालींची यादी

आता तीन किंवा चार उमेदवार चाली मनात मांडाव्यात आणि त्या मांडून होईपर्यंत एकीचाही खोल हिशेब सुरू करू नये. ही शिस्त अवघड आहे, कारण एखादी चाल दिसताच मन तिच्या मागे धावू लागते. पण यादी आधी केली नाही, तर दुसरी चांगली चाल अस्तित्वात आहे हेच आपल्याला कळत नाही.

यादी करताना क्रम ठरलेला असावा. आधी सगळे शह, मग सगळ्या मारण्याच्या चाली, मग थेट धमक्या. सगळे म्हणजे सगळे, अगदी हास्यास्पद वाटणारेही. वजीर फुकट देणारा शह दोन सेकंदांत नाकारता येतो, पण तो पाहिलाच नाही तर कधीतरी त्यातच दडलेली मात हातून जाते. घुसमटीची प्रसिद्ध मात हे त्याचे उत्तम उदाहरण. पांढरा वजीर ए२ ते जी८ या कर्णावर आहे, काळा राजा एच८ वर आहे आणि पांढरा घोडा एफ७ वर येऊन शह देतो. राजा जी८ वर सरकला की घोडा एच६ वर जातो आणि घोडा व वजीर दोघांचा दुहेरी शह लागतो. राजा पुन्हा एच८ वर जातो आणि मग वजीर स्वतः जी८ वर जाऊन शह देतो. घोडा एच६ वरून त्या घराला आधार देत असल्यामुळे राजाला वजीर घेता येत नाही, हत्तीलाच घ्यावा लागतो, आणि घोडा एफ७ वर परतला की स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर मात होते. वजिराची ती चाल ज्याच्या यादीतच नसते, त्याच्या वाट्याला इथे सततच्या शहाने बरोबरी येते.

शह, मारणे आणि धमकी यांना आधी पाहण्याचे कारण सोपे आहे. त्यांना मिळणारी उत्तरे मोजकी असतात, त्यामुळे पुढचे दूरपर्यंत दिसते. म्हणून त्या आधी तपासायच्या, एवढेच. त्याच सर्वांत चांगल्या असतात असे नाही. यादीत एक तरी शांत चाल असलीच पाहिजे, तिच्याबद्दल पुढे सांगितले आहे.

चौथी पायरी: समोरच्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर शोधणे

प्रत्येक उमेदवार चालीसाठी एकच प्रश्न पूर्ण प्रामाणिकपणे विचारावा: मी समोर बसलो असतो तर काय खेळलो असतो? आपल्या योजनेला सोयीचे उत्तर गृहीत धरण्याची चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर स्वतंत्र उदाहरण द्यायला हवे. अठराव्या शतकातल्या लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी मात त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण तीच कल्पना थोड्याशा फरकाने बरोबर, चूक आणि पुन्हा बरोबर ठरते.

आधी मूळ रूप पाहा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६. इथे ५. घोडा × ई५ ही चाल वजीर उघड्यावर टाकते. काळ्याने तो घेतला, ५… उंट × डी१, तर ६. उंट × एफ७+ राजा ई७ ७. घोडा डी५ मात. पण आपण काळ्याच्या बाजूने पाहायचे ठरवले आहे. काळा वजीर घेणारच नाही, तो ५… डी × ई५ खेळेल. मग ६. वजीर × जी४ आणि पांढऱ्याला एक प्यादे जास्त मिळाले. सर्वोत्तम बचावानंतरही फायदा शिल्लक राहतो, म्हणून चाल बरोबर.

आता काळ्याने ४… जी६ ऐवजी ४… घोडा सी६ खेळले आहे असे समजा. ५. घोडा × ई५ ही चाल तितकीच चमकदार दिसते आणि काळ्याने वजीर घेतला तर मातही तीच होते. पण ५… घोडा × ई५ या एका उत्तराने सगळे कोसळते. ई५ वर आलेला घोडा जी४ वरच्या उंटाला आधार देतो आणि सी४ वरच्या पांढऱ्या उंटावर हल्लाही करतो. पांढऱ्याने एका प्याद्यासाठी घोडा गमावलेला असतो.

तिसरे रूप सर्वांत शिकवणारे आहे. त्याच स्थितीत पांढऱ्याने आधी ५. एच३ खेळून उंटाला जाब विचारला आणि तो ५… उंट एच५ असा मागे गेला, तर ६. घोडा × ई५ पुन्हा बरोबर होते. कारण ६… घोडा × ई५ नंतर एच५ वरच्या उंटाला त्या घोड्याचा आधार उरत नाही: ७. वजीर × एच५ घोडा × सी४ ८. वजीर बी५+ आणि पुढच्या चालीत सी४ वरचा घोडा परत मिळतो. हिशेब केला तर पांढऱ्याकडे एक प्यादे अधिक. कल्पना तीच, फक्त उंट एक घर मागे गेला. ‘ही कल्पना मला माहीत आहे’ एवढ्यावर विसंबून चाल खेळणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

उत्तरे शोधताना चार प्रकार आवर्जून पाहावेत. बलिदान न स्वीकारणे, मिळालेला मोहरा योग्य वेळी परत देणे, मध्येच शह देऊन किंवा दुसरीकडे मारून चालींचा क्रम बिघडवणे, आणि वजिरांची अदलाबदल. यांतला शेवटचा प्रकार बहुतेक आक्रमणांचा खरा शत्रू आहे.

पाचवी पायरी: चालींचा क्रम

योग्य कल्पना चुकीच्या क्रमाने खेळली तर वाया जाते. एच७ वरच्या उंटाच्या बलिदानात हे स्पष्ट दिसते. सतराव्या शतकातला इटालियन खेळाडू जोआकिनो ग्रेको याच्या काळापासून हे बलिदान ज्ञात आहे आणि आजही ते रोज कुठे ना कुठे खेळले जाते.

स्थिती अशी समजू. पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर डी१ वर, उंट सी१ आणि डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादी डी४ आणि ई५ वर. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर डी८ वर, हत्ती एफ८ वर, उंट बी४ आणि सी८ वर, घोडा डी७ वर, प्यादी डी५, ई६, एफ७, जी७, एच७ वर. ई५ च्या प्याद्यामुळे काळ्या घोड्याला एफ६ वर थांबता येत नाही, म्हणजेच एच७ चा मुख्य राखणदार हजर नाही.

१. उंट × एच७+ राजा × एच७ २. घोडा जी५+. आता राजाला तीन वाटा आहेत आणि तिन्ही तपासल्याशिवाय पहिली चाल खेळायची नाही. राजा एच६ वर गेला तर घोडा ई६ चे प्यादे मारतो, सी१ वरच्या उंटाचा शह उघडतो आणि त्याच वेळी घोड्याचा हल्ला डी८ वरच्या वजिरावर होतो. काळ्याने वजिराने जी५ चा घोडा मारला तर तोच उंट वजीर घेतो. राजा जी६ वर आला तर मात्र सक्तीचा सरळ मार्ग नसतो. ३. वजीर जी४ किंवा ३. एच४ यांसारख्या चालींनी हल्ला पुढे न्यावा लागतो, आणि बलिदान बरोबर की चूक हे बहुतेक वेळा याच वाटेवर ठरते. सराव करताना सर्वाधिक वेळ राजाच्या जी६ वर द्यावा.

तिसरी वाट २… राजा जी८. मग ३. वजीर एच५ आणि एच७ वर मात करण्याची धमकी. काळा ३… हत्ती ई८ खेळून राजाला पळायला एफ८ मोकळे करतो. इथे क्रमाचा प्रश्न येतो. पुष्कळ जण लगेच वजीर एच७ वर शह देतात. मग राजा एफ८, वजीर एच८+, राजा ई७, वजीर × जी७, आणि शह लागत नाही, कारण मध्ये एफ७ चे प्यादे उभे आहे. काळ्याला हत्ती एफ८ वर आणून सावरायला वेळ मिळतो. म्हणून आधी ४. वजीर × एफ७+ राजा एच८ ५. वजीर एच५+ राजा जी८ ६. वजीर एच७+ राजा एफ८ ७. वजीर एच८+ राजा ई७ ८. वजीर × जी७ मात. वाटेत एक प्यादे उचलून घेतल्यामुळे सातवी रांग मोकळी झाली आणि शेवटची चाल मात ठरली. दोन शहांपैकी कोणता आधी, असा प्रश्न पडला की शेवटच्या चित्रात कोणते प्यादे आड येते ते पाहावे.

याच स्थितीत काळ्याचा उंट बी४ ऐवजी ई७ वर असता, तर तो जी५ चा घोडा मारू शकला असता आणि पूर्ण हिशेब नव्याने करावा लागला असता. काळ्याचा मोहरा बी१ ते एच७ या कर्णावर येऊन एच७ ची राखण करू शकत असेल, किंवा घोडा एफ८ वर वेळेत पोहोचत असेल, तर हे बलिदान बहुधा फसते.

सहावी पायरी: हिशेब कुठे थांबवायचा

शह संपले की हिशेब संपला असे समजू नये. शेवटचा शह दिल्यानंतर पटावर काय उरते, ते चित्र डोळ्यांसमोर उभे करून शांतपणे मोहरे मोजावेत. याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मी नेहमी इमॅन्युएल लास्कर विरुद्ध योहान बाउअर या १८८९ च्या ॲमस्टरडॅममधल्या डावाकडे बोट दाखवीन. लास्करने त्यात दोन्ही उंटांचे बलिदान केले: १४. घोडा एच५ घोडा × एच५ १५. उंट × एच७+ राजा × एच७ १६. वजीर × एच५+ राजा जी८ १७. उंट × जी७ राजा × जी७ १८. वजीर जी४+ राजा एच७. राजा एफ६ वर गेला असता तर वजीर जी५ वर मात होती. १९. हत्ती एफ३ ई५ २०. हत्ती एच३+ वजीर एच६ २१. हत्ती × एच६+ राजा × एच६.

इथवर शह संपले. पांढऱ्याकडे वजीर आणि एक हत्ती, काळ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट. मोहऱ्यांच्या नेहमीच्या किमती, म्हणजे वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा ३ आणि प्यादे १, अशा धरल्या तर मोहऱ्यांत काळाच १६ विरुद्ध १४ असा पुढे आहे आणि पांढऱ्याच्या जादा प्याद्यांमुळे लढत साधारण बरोबरीची वाटते. एवढेच दिसत असते तर हे सगळे करण्यात अर्थ नव्हता. पण २२. वजीर डी७ ही चाल बी७ आणि ई७ वरच्या दोन्ही उंटांवर एकाच वेळी हल्ला करते. एक उंट पडतो आणि डाव पांढऱ्याचा होतो. या चालीत शह नाही, मारणे नाही, आणि तरी पंधराव्या चालीतल्या बलिदानाचे समर्थन तिच्यातच आहे. आक्रमणाचा शेवट मात देऊनच व्हावा असा हट्ट धरणाऱ्याला ती दिसली नसती.

म्हणून हिशेबाच्या टोकाला पोहोचल्यावर आणखी एक चाल पाहावी. तिथे दुहेरी हल्ला आहे का, कुठला मोहरा आधाराविना लोंबकळतो आहे का, आणि आता चाल कोणाची आहे, एवढे तपासावे.

सातवी पायरी: शांत चालीला संधी देणे

पॅरिसच्या ऑपेरागृहात १८५८ साली पॉल मॉर्फीने ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला डाव सर्वांना त्यातल्या वजिराच्या बलिदानासाठी आठवतो. मला त्यात त्याआधीच्या चाली अधिक मोलाच्या वाटतात. आठव्या चालीत मॉर्फीला बी७ वरचे प्यादे घेता आले असते. पण काळा वजीर बी४ वर येऊन शह देत वजिरांची अदलाबदल करणार होता, म्हणून त्याने सी३ वर घोडा आणला आणि मोहरे बाहेर काढण्यातली आघाडी राखली. पुढे दोन प्याद्यांसाठी घोडा दिल्यावर त्याने मोठ्या बाजूला कॅसलिंग केले आणि त्या एका चालीने डी पट्टीवर हत्ती आणला.

मग १३. हत्ती × डी७ हत्ती × डी७ १४. हत्ती डी१. या दोन चाली एकत्र पाहाव्यात. डी७ वर आधी जखडलेला घोडा होता, आता तिथे जखडलेला हत्ती आहे, आणि पांढऱ्याचा जो हत्ती आतापर्यंत एच१ वर बसून होता तो एकही चाल वाया न घालवता हल्ल्यात सामील झाला आहे. तेराव्या चालीला काळ्याकडे दुसरे उत्तर नव्हते. घोड्याने मारले तर जी५ वरचा उंट ई७ चा वजीर घेतो. सक्तीच्या चालीने वेळ मिळवून शांत चालीने शेवटचा मोहरा आणणे, हे या डावाचे खरे तंत्र आहे. १४… वजीर ई६ १५. उंट × डी७+ घोडा × डी७ १६. वजीर बी८+ घोडा × बी८ १७. हत्ती डी८ मात. डाव संपला तेव्हा काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती एकदाही हललेले नव्हते.

याहून अलीकडचे उदाहरण विश्वनाथन आनंदचे आहे. नेदरलँड्समधल्या विक आन झी येथे २०१३ मध्ये लेव्हॉन आरोनियनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याचा एफ८ वरचा हत्ती पांढऱ्या घोड्याने मारला. कोणीही तो घोडा लगेच परत घेतला असता. आनंदने १९… एफ५ खेळले. त्या प्याद्याने सी२ वरच्या पांढऱ्या वजिराचा एच७ कडे जाणारा कर्ण बंद केला, जी४ वरच्या घोड्याला भक्कम आधार दिला आणि एच४ वर वजीर आणण्याची धमकी उभी केली. एफ८ वरचा घोडा कुठे पळून जाणार नव्हता. तो जी६ वर आला आणि दोन चालींनी आनंदच्या वजिराने तो घेतला. तेविसाव्या चालीनंतर आरोनियनने डाव सोडला. आपोआप परत मारण्याआधी थांबून पाहण्याची सवय किती मोलाची आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

शांत चाल शोधायला एक प्रश्न पुरतो: आता सलग दोन चाली मला मिळाल्या असत्या तर मी काय केले असते? दुसऱ्या चालीला मात किंवा मोठा फायदा दिसत असेल, तर पहिली चाल उमेदवार आहे. समोरच्याला त्या मधल्या वेळेत काही करता येत नसेल, तर बहुधा तीच सर्वोत्तम चाल असते.

आठवी पायरी: शेवट दिसत नसेल तेव्हा

सगळेच हिशेब तळापर्यंत जात नाहीत. मिखाईल ताल याने १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतल्या सहाव्या डावात तेव्हाचा विश्वविजेता मिखाईल बोटविनिक याच्याविरुद्ध एकविसाव्या चालीत एफ४ वर घोड्याचे बलिदान केले. नंतरच्या विश्लेषणात त्याला बचाव सापडले, पण घड्याळ चालू असताना बोटविनिकला मार्ग सापडला नाही आणि तो डाव तालने जिंकला. तालची ताकद आपल्याकडे नसली तरी त्यातला व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. बचाव करणाऱ्याला प्रत्येक चालीत एकच बरोबर उत्तर असेल आणि ते शोधणे कठीण असेल, तर धोका पत्करण्यात शहाणपण असू शकते.

त्यासाठी माझ्या अटी तीन आहेत. स्वतःचा राजा सुरक्षित असावा. आक्रमण अडले तर सततच्या शहाने बरोबरी साधण्याची वाट शिल्लक असावी, किंवा दिलेल्या मोहऱ्याच्या बदल्यात निदान दोन-तीन प्यादी हाती असावीत. आणि तितकीच चांगली पण कमी धोक्याची दुसरी चाल यादीत नसावी. तिसरी अट पाळली जात नाही, कारण बलिदान करण्याचा आनंद मोठा असतो. पण दोन चालींनी जिंकता येत असेल, तर जिच्यात समोरच्याला कमी संधी मिळते तीच खेळावी.

चाल हातात घेण्याआधी

निवड झाल्यावर हिशेब पुन्हा पहिल्यापासून करू नये, त्यात वेळही जातो आणि मनही डळमळते. फक्त पट नव्याने पाहिल्यासारखा एकदा पाहावा: ही चाल खेळल्यावर समोरच्याकडे कोणते शह आहेत, तो काय मारू शकतो, माझ्या मागच्या रांगेवर मात होते का. आक्रमणात गुंतलेला खेळाडू आपल्याच राजाला विसरतो, आणि जिंकलेले कितीतरी डाव पहिल्या रांगेवर मात होऊन हातचे जातात.

वेळेचे वाटपही असेच ठरवून घ्यावे. राजाभोवतीची रचना बदलते तो क्षण, म्हणजे बलिदानाची, मध्य उघडण्याची किंवा वजिरांची अदलाबदल नाकारण्याची चाल, हा वेळ खर्च करण्याचा क्षण असतो. त्यानंतरच्या सक्तीच्या चालींत तो वाचवता येतो, कारण त्या आधीच पाहिलेल्या असतात.

सरावासाठी कोड्यांचा उपयोग होतो, पण कोड्यात ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच सांगितलेले असते आणि खऱ्या डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून एखाद्या जुन्या आक्रमक डावाच्या चाली झाकून, प्रत्येक वळणावर स्वतःचे तीन उमेदवार कागदावर लिहावेत, प्रत्येकापुढे समोरच्याचे सर्वोत्तम उत्तर लिहावे आणि मगच खेळलेली चाल उघडावी. चाल जुळली की नाही यापेक्षा आपण लिहिलेले बचावाचे उत्तर किती अचूक होते, ते तपासावे. संगणकाचा आधार घ्यायचा असेल तर तो याच टप्प्यावर घ्यावा: त्याने सुचवलेला बचाव आपल्या यादीत होता का, आणि नसेल तर तो कोणत्या प्रकारचा होता, मधला शह, परत दिलेला मोहरा की वजिरांची अदलाबदल, हे त्याच कागदावर नोंदवून ठेवावे. वीस-पंचवीस डावांनंतर या नोंदी एकत्र पाहिल्या की आपल्याला कोणता बचाव वारंवार दिसत नाही, ते समजते, आणि पुढच्या डावात चौथ्या पायरीवर आल्यावर पहिल्यांदा तोच शोधावा.